काळ्या दगडांच्या मुलखात अशनी कसा ओळखतात

शेतात नांगराला लागलेला काळा, जड आणि लोहचुंबकाला चिकटणारा दगड सातारा-सांगलीत बहुतेक वेळा अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, नसतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आपण राहतो तो मुलूखच बेसाल्टचा. महाबळेश्वरच्या घाटात हजार मीटरहून जास्त जाडीचे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतातच, त्यामुळे चांगला चुंबक टेकवला की तो थोडाफार ओढतो. कास, सडावाघापूरच्या सड्यांवर जांभा आहे आणि जांभ्यातून सुटलेले लोहयुक्त गोटे पावसात गुळगुळीत होऊन अगदी आकाशातून पडल्यासारखे दिसतात. त्यात किर्लोस्करवाडी, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या. तिथला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारी मळी, कुठल्या कुठे भरावात जातो आणि वीस वर्षांनी त्याच रस्त्याच्या कडेला कुणाला तरी 'उल्का' म्हणून सापडतो.

म्हणून घरच्या तपासण्यांचा उपयोग एवढाच की 'हा नाही' हे ठरवता येतं. 'हा आहे' हे प्रयोगशाळेतले आकडेच ठरवतात. हे आकडे कुठून येतात आणि कुठे फसतात ते खाली सविस्तर लिहितो.

सुरुवात सालीपासून. वातावरणातून येताना दगडाचा फक्त बाहेरचा थर वितळतो. ती वितळलेली साल एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, ताजी असेल तर कोळशासारखी काळी, बहुधा चमक नसलेली, आणि कोपरा तुटला असेल तर आतला राखाडी दगड व बाहेरची काळी रेघ स्पष्ट वेगळी दिसते. बेसाल्ट फोडला तर तो आतही काळाच निघतो. काही अशनींवर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. बुडबुड्यांची भोकं मात्र जवळपास कधीच नसतात. दगड स्पंजासारखा सच्छिद्र असेल, भोकांत पांढरं झिओलाइट किंवा गारगोटी भरलेली असेल, तर तो इथल्याच लाव्हाचा तुकडा. भोकांबरोबर काचेसारखी चकाकी आणि ओघळ दिसले तर तो स्लॅग. स्लॅगमध्ये लोखंडाचे थेंब अडकलेले असतात, म्हणून चुंबक त्यालाही जोरात धरतो. याच कारणाने नुसत्या चुंबकावर भरवसा ठेवणारा माणूस इथे हमखास फसतो.

आणखी एक. 'पडला तेव्हा पाचट पेटलं' असं कुणी सांगितलं तर शंका घ्यावी. छोट्या अशनीचा शेवटच्या काही किलोमीटरचा प्रवास उजेड न देता, वेग मंदावून होतो. आतला दगड अवकाशातल्या थंडीतून आलेला असतो आणि वितळलेली साल खाली येईपर्यंत घट्ट होऊन निवते.

कसही पाहून घ्या. बाथरूमच्या टाइलची मागची, झिलई नसलेली बाजू घ्यायची आणि त्यावर दगड घासायचा. तांबडी-विटकरी रेघ आली तर हेमॅटाइट, काळी-करडी ठळक रेघ आली तर मॅग्नेटाइट. बहुतेक दगडी अशनी रेघच उमटवत नाहीत, किंवा अगदी पुसट करडी उमटवतात. जांभ्याचे नव्वद टक्के गोटे इथेच बाद होतात असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही.

चुंबकाबद्दल एक कळकळीची सूचना. जुन्या स्पीकरमधला किंवा हार्ड डिस्कमधला ताकदवान चुंबक दगडावर टेकवू नका, फिरवू तर मुळीच नका. काही अशनींमध्ये साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण शिल्लक असते. त्यावर संशोधन होतं आणि एका टेकवण्यात ती खूण पुसली जाते. छोटा चुंबक दोऱ्याला टांगायचा, दगडाजवळ न्यायचा आणि दोरा तिरका होतो का ते पाहायचं. तेवढं पुरे.

घनता ही घरी करता येण्याजोगी सगळ्यात उपयोगी चाचणी. लागतं काय, तर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, दोरा आणि पाण्याची बादली. दगड कोरडा तोला. मग दोऱ्याने काट्याखाली टांगून पूर्ण पाण्यात बुडवा. तळाला किंवा बाजूला लागता कामा नये, आणि बुडबुडे झटकून घ्या. समजा कोरडं वजन ४१२ ग्रॅम आणि पाण्यात २६५ ग्रॅम भरलं. फरक १४७. घनता ४१२ भागिले १४७, म्हणजे २.८०. हा बेसाल्ट. त्याच वजनाचा नेहमीचा दगडी अशनी असता तर घनता ३.३ ते ३.५च्या घरात, म्हणजे पाण्यातला फरक साधारण १२० ग्रॅम आला असता. लोखंडी अशनीची घनता ७.८च्या आसपास. मॅग्नेटाइट-हेमॅटाइटचे गोटे ५ला टेकतात. स्लॅग मात्र २.५ ते ४ कुठेही असतो, त्यामुळे ३.४ आकडा आला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

ही चाचणी जुन्या, पावसाने धुतलेल्या दगडावरच करा. पडताना पाहिलेला ताजा दगड पाण्यात घालायचा नाही. त्याचं कारण पुढे येतंच. ताज्या दगडाचं आकारमान प्रयोगशाळेत काचेच्या बारीक मण्यांमध्ये पुरून किंवा लेझर स्कॅनने मोजतात. घरी करायचंच असेल तर दगड स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून राजगिऱ्यात पुरता येतो. मापाच्या भांड्यात राजगिरा किती वर चढला ते पाहायचं. चूक पाच टक्क्यांपर्यंत येते, पण २.८ आणि ३.४ यांत फरक करायला ती चालते.

आता सोन्याच्या दुकानातल्या मशीनबद्दल, कारण सांगली जिल्ह्यात हा मोह फार. विटा-खानापूर भागातली गलाईची परंपरा देशभर पसरलेली. सोनं-चांदी गाळणारा, तपासणारा माणूस जवळच्या ओळखीत असतोच आणि आता त्याच्याकडे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं, मशीनही असतं. दगड त्यात ठेवला की पडद्यावर आकडे येतात, कधी कधी 'इरिडियम' किंवा 'पॅलेडियम' असंही दिसतं आणि घरात आनंदीआनंद होतो. त्या मशीनचं कॅलिब्रेशन सोन्याच्या मिश्रधातूंसाठी केलेलं असतं. दगडातला निम्म्याहून जास्त भाग ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांचा. ऑक्सिजन त्या मशीनला दिसतच नाही, बाकीचे दोन धड दिसत नाहीत. जे थोडे धातू दिसतात त्यांचीच बेरीज ते शंभर टक्के करून दाखवतं. लोखंडाची एखादी खरी शिखररेषा, म्हणजे आलेखातला उंचवटा, दुसऱ्याच मूलद्रव्याच्या नावावर जाऊ शकते. अशा छापील चिठ्ठीला दगडाच्या बाबतीत काही अर्थ नाही.

निव्वळ धातूचा तुकडा असेल तर हेच तंत्र कामाचं, फक्त मशीन पोलाद-मिश्रधातूंच्या मोडवर हवं. पाहायच्या तीन गोष्टी: निकेल, क्रोमियम, मँगनीज. अशनीतल्या लोखंडात निकेल जवळजवळ नेहमी ५ टक्क्यांच्या वर असतं, आणि क्रोमियम व मँगनीज नगण्य. फाउंड्रीच्या ओतीव लोखंडात निकेल नसल्यात जमा, उलट सिलिकॉन एक ते तीन टक्के आणि मँगनीज हमखास. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल ८ टक्के सापडेल, पण सोबत १८ टक्के क्रोमियमही असेल. खडी क्रशरच्या जबड्याचं पोलाद मँगनीजवालं असतं, १२ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला चुंबक जेमतेम धरतो. तुटून, घासून गोल झालेला असा तुकडा ओढ्यात सापडला की भल्याभल्यांना चकवतो. डायमिथिलग्लायॉक्झिम या रसायनाचा गुलाबी रंग पाहून निकेल ओळखण्याची जुनी पद्धतही आहे, पण ती फक्त निकेल आहे एवढंच सांगते.

इतकं करून दगड अजून शर्यतीत असेल तर एका कोपऱ्यावर नखाएवढी खिडकी पाडायची. पॉलिश पेपर २२०, मग ४००, मग ६०० नंबरचा, सगळं कोरडं. भिंगातून पाहा. नेहमीच्या अशनीत राखाडी दगडात चांदीसारखे चमकणारे धातूचे कण विखुरलेले दिसतात, आणि नशीब असेल तर मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान गोल दाणे. हे गोल दाणे म्हणजे कोंड्र्यूल. सूर्यमाला बनत असताना वितळलेले थेंब थिजून ते तयार झाले. पृथ्वीवरच्या कुठल्याच खडकात ते नसतात, आणि ज्या अशनींत असतात त्यांना कोंड्राइट म्हणतात. पडताना पाहिलेल्या अशनींपैकी पाचात चारांहून जास्त याच घराण्यातले.

पडताना पाहिलेला दगड असेल तर घाई वेगळ्याच कारणासाठी करायची. अवकाशात असताना वैश्विक किरणांच्या माऱ्याने त्यात अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकं, म्हणजे थोड्याच काळात विघटन होणारे अणू, तयार झालेली असतात. सोडियम-२४चं अर्धायुष्य १५ तास, बेरिलियम-७चं ५३ दिवस, मँगनीज-५४चं ३१२ दिवस, सोडियम-२२चं २.६ वर्षं. जमिनीवर पडल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या जर्मेनियम डिटेक्टरवर दगड कित्येक दिवस न फोडता मोजतात. आपल्याकडे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल, यासाठी ओळखली जाते. दगड खरोखर नुकताच पडला याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. हातात धरायच्या गायगर काउंटरवर यातलं काहीही कळत नाही. तो टिकटिकला तर दगड दुसराच काहीतरी आहे.

पाणी आणि घाम का नको, ते १९९८च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या मोनाहन्स गावी पडलेल्या अशनीवरून कळतं. तो लगेच उचलला गेला आणि कोरडाच फोडला गेला, म्हणून त्यात जांभळट मिठाचे स्फटिक मिळाले आणि त्या स्फटिकांत अब्जावधी वर्षं अडकून पडलेले पाण्याचे थेंब. नळाखाली धरला असता तर ते मीठ मोरीत गेलं असतं. दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. १७ ऑगस्ट २०२२ला गुजरातमध्ये बनासकांठातल्या दियोदरजवळ ऑब्राइट नावाचा दुर्मीळ अशनी पडला. त्याआधी भारतात ऑब्राइट पडला होता तो १८५२मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीला. त्या बस्तीच्या अशनीत ब्रिटिश खनिजतज्ज्ञ मॅस्किलिनला कॅल्शियम सल्फाइडचं खनिज मिळालं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला ओल्डहॅमाइट नाव दिलं गेलं. हे खनिज दमट हवेतही बिघडतं. श्रावणातल्या पाटण-जावळीच्या हवेत ते किती टिकेल याचा विचार करा.

तेव्हा हातमोजे, ते नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून उचलणं, फॉइलमध्ये गुंडाळणं, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. दगडावर मार्करने काही लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, हळद-कुंकू वाहायचं नाही. उचलण्याआधी शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो, खड्ड्याची खोली-रुंदी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि आवाज कुठल्या दिशेने व किती वाजता आला याची नोंद. मग तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यामार्फत जीएसआयला, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचं. देशातल्या अशनींचा सरकारी संग्रह त्यांच्याकडे कोलकात्यात आहे.

प्रयोगशाळेत पहिला वाद होतो तो कापण्यावरून. करवत हिऱ्याच्या पातळ पात्याची, वेग कमी, थंड करायला पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पातं स्वतःच अर्धा मिलिमीटर दगड खाऊन टाकतं, म्हणून चाळीस ग्रॅमच्या दगडावर दोन काप घ्यायचे की तीन यावर खरोखर चर्चा होते. कापलेली चकती निर्वातात इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेत बुडवतात. कोंड्राइटमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यात इपॉक्सी शिरली नाही तर घासताना धातूचे कण निखळून पडतात आणि त्यांच्या जागी खळगे राहतात. मग चकती काचेवर चिकटवून घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची. जाडी मोजायची खूण खनिजांच्याच रंगात असते. ध्रुवित प्रकाशात पायरॉक्सिन हे खनिज करड्या-पिवळसर रंगाचं दिसायला हवं. ते नारिंगी-तांबडं दिसत असेल तर काप अजून जाड आहे. घाईघाईत जाडच ठेवला तर पुढे आघाताच्या, म्हणजे अवकाशातल्या टकरींच्या, खुणा वाचताना चूक होते.

घासण्याची पावडर हाही डोकेदुखीचा विषय. सिलिकॉन कार्बाइडचे कण भेगांत रुतून बसतात आणि महिन्याभराने कुणीतरी 'अशनीत कार्बाइड सापडलं' म्हणून उड्या मारतं. म्हणून शेवटचं पॉलिश हिऱ्याच्या पेस्टने, ६, ३, १ आणि पाव मायक्रॉन, दर पायरीला अल्कोहोलमध्ये अल्ट्रासोनिक धुणं. धातू मऊ आणि सिलिकेट, म्हणजे दगडातली खनिजं, कठीण, त्यामुळे फार वेळ पॉलिश केलं की दोघांच्या कडेला पायरी पडते आणि तिथे मोजलेला आकडा चुकतो. वर काचेची झाकणपट्टी लावायची नाही. मायक्रोप्रोबला उघडा पृष्ठभाग लागतो, त्यावर फक्त वीसेक नॅनोमीटर कार्बनचा लेप.

मायक्रोप्रोब म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. मुंबईच्या आयआयटीत तो आहे, इतर काही राष्ट्रीय संस्थांतही. १५ किलोव्होल्टचा, साधारण २० नॅनोअँपिअरचा इलेक्ट्रॉनचा झोत दोन मायक्रॉनच्या ठिपक्यावर टाकायचा आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या तरंगलांबीवरून मूलद्रव्यं मोजायची. आधी माहीत असलेल्या खनिजांवर यंत्र लावून घ्यायचं. नंतर ऑलिव्हिन या खनिजाचे पंधरा-वीस दाणे मोजायचे, पायरॉक्सिनचे तेवढेच.

एक गणित पूर्ण करून दाखवतो. समजा एका ऑलिव्हिन दाण्यात सिलिका ३८.२, फेरस ऑक्साइड २२.१, मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) ३८.६ आणि मँगनीज ऑक्साइड ०.४८ टक्के आलं. बेरीज ९९.४. ती ९८.५ ते १०१.५च्या बाहेर गेली तर मोजमाप फेकून द्यायचं. झोत भेगेवर किंवा इपॉक्सीवर पडला असणार. आता वजनाचे टक्के रेणूंच्या संख्येत आणायचे. त्यासाठी रेणूभाराने भागायचं. फेरस ऑक्साइड २२.१ भागिले ७१.८५, म्हणजे ०.३०८. मॅग्नेशिया ३८.६ भागिले ४०.३०, म्हणजे ०.९५८. लोहाचा वाटा ०.३०८ भागिले १.२६६, म्हणजे २४.३ टक्के. याला फायालाइटचं प्रमाण म्हणतात. पडताळणी म्हणून लोह, मॅग्नेशियम, मँगनीज यांची बेरीज सिलिकॉनच्या नेमकी दुप्पट येते का ते पाहायचं. इथे २.०० येते, म्हणजे मोजलं ते ऑलिव्हिनच.

हा २४.३ आकडा दगडाचं घराणं सांगतो. नेहमीच्या कोंड्राइटचे तीन गट आहेत. लोह जास्त असलेला एच, कमी असलेला एल, आणि लोह व धातू दोन्ही कमी असलेला एलएल. फायालाइट एचमध्ये १६ ते २०, एलमध्ये २२ ते २६, एलएलमध्ये २६ ते ३२. गंमत अशी की एकूण लोह जास्त असलेल्या एच गटातच ऑलिव्हिनमधलं लोह सगळ्यात कमी, कारण तिथलं बरंचसं लोह धातूच्या रूपात वेगळं झालेलं असतं. पायरॉक्सिनचा आकडा वेगळा काढून तो याच्याशी जुळतो का पाहायचं: १४.५ ते १८, १९ ते २२, २२ ते २६. आपला दगड एल.

गडबड होते ती सीमेवर. फायालाइट २१ आलं तर? मग धातूच्या कणातलं कोबाल्ट मोजायचं. एचमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास, एलमध्ये ०.७ ते ०.९५, एलएलमध्ये १.४च्या वर. इथे लोखंडाची दुय्यम शिखररेषा कोबाल्टच्या मुख्य रेषेवर चढते. ती वजा न करता आलेला कोबाल्टचा आकडा फुगलेलाच असतो. दुसरी अडचण तुकड्यातुकड्यांनी बनलेल्या अशनींची. एकाच दगडात एक खडा एच आणि दुसरा एल निघतो. एकाच कोपऱ्यातले वीस दाणे मोजले तर हे लक्षातच येत नाही, म्हणून दाणे सगळ्या कापावर पसरून निवडायचे.

गटानंतर जो अंक येतो तो व्हॅन श्मुस आणि वुड या शास्त्रज्ञांच्या १९६७च्या पद्धतीतला. तीन म्हणजे जवळपास न तापलेला, सहा म्हणजे आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात शेकडो अंशांना शिजलेला. तीनच्या खाली दोन आणि एक म्हणजे पाण्याने बदललेले. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक ऑलिव्हिन दाण्याचं फायालाइट वेगळं येतं. चारपासून पुढे सगळे दाणे एकाच आकड्यावर येतात, विचलन पाच टक्क्यांच्या आत. चार, पाच की सहा हे फेल्डस्पार या खनिजाच्या दाण्यावर ठरतं. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक असेल तर चार, दोन ते पन्नासमध्ये पाच, पन्नासच्या वर सहा. सहाव्या प्रकारात कोंड्र्यूलच्या कडा पुसट होऊन आजूबाजूत मिसळलेल्या असतात, आणि नवशिक्याला 'यात कोंड्र्यूल नाहीतच' असं वाटू शकतं.

त्याला जोडून आघाताची श्रेणी एस-१ ते एस-६ आणि गंजण्याची डब्ल्यू-० ते डब्ल्यू-६. ऑलिव्हिनचा प्रकाश लाटेसारखा विझतो का, सरळ समांतर भेगा आहेत का, फेल्डस्पारची काच झाली आहे का, यावरून आघात वाचतात. आपल्या राज्यातलं उदाहरण नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचं. २२ मे २०१२ला पडलेला हा अशनी एल-६. त्याच्यातल्या आघाताने वितळलेल्या बारीक शिरांमध्ये भारतीय संशोधकांना ब्रिजमनाइट मिळालं, तो निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. हे खनिज पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सगळ्यात जास्त आहे, पण तिथून नमुना आणता येत नाही. दोन लघुग्रहांच्या टकरीत क्षणभर तेवढा दाब तयार झाला आणि ते दगडात थिजून राहिलं.

इथवर सगळं कोंड्राइटचं, आणि ते तुलनेने सोपं. सातारा-सांगलीत खरा कस लागेल तो आकाशातून बेसाल्टच पडला तर. वेस्टा या लघुग्रहावर लाव्हा होता, त्याचे तुकडे म्हणजे यूक्राइट. मंगळाचेही तुकडे पडतात. बिहारमधल्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या दगडावरून मंगळाच्या एका अख्ख्या गटाला शेरगोटाइट नाव मिळालं. या दगडांत कोंड्र्यूल नाहीत, धातू जवळपास नाही, चुंबकाला फारसा प्रतिसाद नाही, घनता जेमतेम ३ ते ३.३. साल निघून गेल्यावर असा दगड वाईच्या नदीपात्रात पडला तर डोळ्यांना ओळखू येणं जवळजवळ अशक्य. फेल्डस्पारची आघाताने काच झालेली असेल तर तो एक धागा. ही काच, मॅस्किलिनाइट, पहिल्यांदा ओळखली गेली ती शेरघाटीच्याच अशनीत, १८७२मध्ये. दुसरा धागा पायरॉक्सिनमधल्या लोह आणि मँगनीजच्या गुणोत्तराचा. पृथ्वीवरच्या बेसाल्टमध्ये ते ४०च्या आसपास, चंद्राच्या दगडात ६०च्या पुढेमागे, वेस्टा आणि मंगळाकडे ३०च्या जवळ.

शेवटचा शब्द ऑक्सिजनचा. दोन मिलिग्रॅम चुरा ब्रोमीन पेंटाफ्लुओराइडच्या वातावरणात लेझरने तापवून त्यातला ऑक्सिजन मोकळा करतात आणि १६, १७, १८ वस्तुमानाची समस्थानिकं मोजतात. पृथ्वीवरचं पाणी, दगड, शंख, काहीही घ्या, १७ आणि १८ यांचं नातं ०.५२ उताराच्या एकाच रेषेवर बसतं. त्या रेषेपासून दगड किती हजारांश हटला ते पाहायचं. एच गट ०.७ने वर, एल १.०७, एलएल १.२६, मंगळ ०.३ने वर, वेस्टाचे दगड ०.२४ने खाली. चंद्र आणि ऑब्राइट मात्र पृथ्वीच्याच रेषेवर, तिथे ही चाचणी काही मदत करत नाही. आणि दगड गंजलेला असेल तर गंजातला ऑक्सिजन आपल्या पावसाचा असतो, तो आकडा पृथ्वीकडे ओढतो. म्हणून आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने गंज काढून मगच मोजतात.

लोखंडी अशनींचं थोडक्यात. तोंड पॉलिश करून अल्कोहोलमधल्या तीन-पाच टक्के नायट्रिक आम्लाने कोरलं की पट्ट्यांची नक्षी उमटते. पट्टी ३.३ मिलिमीटरहून रुंद असेल तर सगळ्यात जाड वर्ग, ०.२च्या खाली सगळ्यात बारीक. निकेल ६ टक्क्यांखाली असेल तर पट्ट्याच नसतात, १६च्या वर गेलं की डोळ्यांना दिसत नाहीत. अंतिम गट ठरतो तो गॅलियम, जर्मेनियम आणि इरिडियमवर. नायट्रिकचं प्रमाण वाढवून ठेवणं किंवा ते मिश्रण बंद बाटलीत साठवणं जिवावर बेतू शकतं. लागेल तेवढं बनवा, लगेच विरळ करून टाकून द्या.

सगळे आकडे जमले की अर्ज जातो मेटिओरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडे. नाव दगड ज्याला सापडला त्याचं नसतं, जागेचं असतं. शिवाय नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा जमा करावा लागतो: २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे तीन किलोचा दगड असेल तर २० ग्रॅम, आणि ६० ग्रॅमचा असेल तर १२. दगड पाठवायच्या आधीच त्याचं सालीसकट अचूक वजन आणि चारी बाजूंचे फोटो स्वतःजवळ ठेवा, कारण कापल्यानंतर मूळ वजन कुणालाच पुन्हा मोजता येत नाही.